ना-हरकतीचा कागद

बँकेच्या काउंटरवरच्या मुलीने डीडीचा फॉर्म दोनदा वाचला. ‘कॉम्पिटिशन कमिशन ऑफ इंडिया, नवी दिल्ली. रुपये पाच हजार फक्त.’ मग माझ्या पिकलेल्या कानशिलांकडे बघत म्हणाली, “काका, या परीक्षेला वयाची अट नाही का?”

तिची काही चूक नव्हती. आमच्या तालुक्यात स्पर्धा म्हटलं की एक तर एमपीएससी, नाहीतर नवरात्रातली रांगोळी. भारतीय स्पर्धा आयोग नावाचं काही असतं आणि पाच हजार भरून कुणीही सोमागोमा त्याच्याकडे जाऊ शकतो, हे सहा महिन्यांपूर्वी मलाही माहीत नव्हतं.

चौदा वर्षं मी एमआर होतो, औषध कंपनीचा मेडिकल रिप्रेझेंटेटिव्ह. डॉक्टरांच्या केबिनबाहेरच्या बाकावर जेवढा बसलो, तेवढा शाळेच्या बाकावरही बसलो नसेन. गुडघे बोलायला लागले तेव्हा ठरवलं, आता फिरणं पुरे, आपली होलसेल एजन्सी टाकायची. म्हणजे कंपनीचा स्टॉकिस्ट व्हायचं, तिच्याकडून माल घेऊन दुकानांना पुरवायचा. कंपन्या ओळखीच्या, दुकानदार ओळखीचे, कुणाकडे कुठला माल कायम ‘शॉर्ट’ असतो ते तोंडपाठ. २०१३ च्या पावसाळ्यात राजीनामा दिला.

परवान्याचं काम तसं सरळ झालं. होलसेलला किमान दहा चौरस मीटर जागा लागते, फ्रीज लागतो आणि औषधांतलं कळणारा पात्र माणूस लागतो. भाचा डी.फार्म. होऊन घरी बसलेला, त्याला घेतलं. एफडीएचे इन्स्पेक्टर आले, फ्रीजमधला थर्मामीटर बघितला, रॅकला हात लावून बघितला आणि महिन्या-दीड महिन्यात २०-ब आणि २१-ब असे दोन्ही परवाने भिंतीवर लागले. औषधं विकायला सरकारची जी परवानगी लागते, ती एवढीच. अमुक संघटनेची संमती आणा, असं त्या कागदांत कुठे बारीक अक्षरातही नव्हतं.

ते सांगितलं कंपनीच्या एरिया मॅनेजरने. आम्ही एकाच स्कूटरवर बसून गावं पालथी घातलेली, त्यामुळे आडपडदा नव्हता. “भाऊ, डिपॉझिट मिळालंय, तुझं सगळं क्लिअर आहे. तेवढी केमिस्ट असोसिएशनची एनओसी घेऊन ये, दुसऱ्या दिवशी गाडी लोड करतो.”

“आणि नाही आणली तर?”

“तर मग जिल्ह्यात आपला नवा ब्रँड कोण ठेवेल का? तूच सांग.”

मी काय सांगणार? एमआर असताना मीच चार जणांना हे सांगितलं होतं. तेव्हा कधी खटकलं नाही. नियमच असा आहे म्हणून सांगायचो, तोही अगदी ठामपणे.

संघटनेच्या अध्यक्षांकडे गेलो. माणूस वाईट नव्हे, हे आधीच सांगतो. त्यांच्या दुकानात रात्री अकरालाही गोळी मिळायची, पैसे उद्या दिले तरी चालायचे. चहा मागवला. म्हणाले, “या कंपनीचे जिल्ह्यात दोन स्टॉकिस्ट आहेत. तिसरा कशाला?”

“शेठ, गरज आहे की नाही ते दुकानदार ठरवतील ना.”

“अहो, दुकानदार म्हणजे आम्हीच की.”

या एका वाक्यावर माझी पुढची तीन वर्षं गेली म्हणायला हरकत नाही. इमारत निधीचा आकडा त्यांनी कागदावर लिहून माझ्याकडे सरकवला आणि मी वाचल्यावर कागद परत घेतला. मी पैसे भरले असते, खोटं कशाला बोलू? पण निधी भरूनही ‘बैठकीत विषय ठेवू’ एवढंच उत्तर होतं. दोन्ही जुने स्टॉकिस्ट कार्यकारिणीवर होते.

संघटनेची बाजूही मला माहीत होती. मुदत संपलेला माल परत घ्यायला कंपन्या टाळाटाळ करतात, क्रेडिट नोट महिनोन् महिने अडकतात. तेव्हा एकटा दुकानदार फोन करून थकतो आणि संघटनेच्या एका पत्राने काम होतं. एकी नसती तर छोटा दुकानदार कधीच भरडला गेला असता. प्रश्न असा की तीच एकी उद्या ठरवायला लागते, माल कोण विकणार, किती जण विकणार आणि किमतीत सूट द्यायची की नाही.

गाळ्याचं भाडं सुरू होतं. रिकामे रॅक बघवत नव्हते. घरी बायको काही बोलायची नाही, फक्त संध्याकाळी विचारायची, “अहो, आज गाडी आली का?”

वाट सापडली ती गोव्यात. मेहुण्याकडे मडगावला गेलो होतो, तिथल्या एका औषधवाल्याशी गप्पा मारताना त्याने सांगितलं, इथे असंच झालं होतं, दिल्लीहून ऑर्डर आली. परत येऊन नेटवर शोधलं. वार्का गावाच्या नावाची एक औषध फर्म आणि काही जण गोव्याच्या केमिस्ट संघटनेविरुद्ध गेले होते. प्रकरण इतकं जुनं की त्याची सुरुवात मक्तेदारी आयोगाच्या, म्हणजे १९६९ च्या एमआरटीपी कायद्याच्या काळातली. तो कायदा २००९ मध्ये गेला आणि फायली नव्या स्पर्धा आयोगाकडे आल्या. जून २०१२ मध्ये आयोगाने निकाल दिला, संघटनेला दोन लाखांचा दंड केला. फेब्रुवारी २०१३ मध्ये तर ओडिशातल्या एका फर्मच्या तक्रारीवरून अखिल भारतीय संघटनेलाच सत्तेचाळीस लाखांवर दंड झाला होता. एनओसीची सक्ती करायची नाही, हे त्या आदेशांतून स्वच्छ दिसत होतं. आमच्या जिल्ह्यात मात्र त्याची कुणाला खबर नव्हती. किंवा होती, आणि कुणी बोलत नव्हतं.

पुण्याला एका वकीलबाईंकडे गेलो. त्यांनी पहिल्याच बैठकीत माझी हवा काढली.

“तुम्हाला एजन्सी हवीय का?”

“हो तर.”

“मग हा दरवाजा तुमचा नाही. आयोग कुणाला एजन्सी मिळवून देत नाही. या कायद्यात तुम्ही फिर्यादीसुद्धा नसता. तुम्ही फक्त माहिती देणारे. बाजारात असं असं चाललंय एवढं कळवायचं. पुढचं ते बघतील, तुमच्यासाठी नाही, बाजारासाठी.”

तेव्हा हा शब्दांचा खेळ वाटला. पण स्पर्धा कायद्यात आधी खरोखर ‘तक्रार’ असाच शब्द होता आणि २००७ च्या दुरुस्तीत तो काढून ‘माहिती’ केला. कलम १९ खाली कुणीही माणूस, ग्राहक किंवा त्यांची संघटना माहिती देऊ शकते. स्वतःचं नुकसान झालेलं असायलाच हवं असंही नाही. पुढे २०२० मध्ये ओला-उबरच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हेच पक्कं केलं.

पण कलम ३ वाचलं तेव्हा थोडा जीव आला. एकाच धंद्यातल्या लोकांनी, किंवा त्यांच्या संघटनेने, मिळून किंमत ठरवली, पुरवठा आवळला, बाजार वाटून घेतला किंवा टेंडरमध्ये संगनमत केलं, तर त्याने स्पर्धेला बाधा येते असं कायदा गृहीतच धरतो. येत नाही, हे समोरच्याने दाखवायचं. अट एवढीच की असं ठरलं होतं, हे आधी दिसलं पाहिजे.

आणि नेमकं तिथेच घोडं पेंड खात होतं. असल्या गोष्टी कागदावर कोण करतं? अध्यक्षांनी तो आकड्याचा कागदसुद्धा परत घेतला होता. एरिया मॅनेजरचा एक मेल होता, ‘काइंडली अरेंज एनओसी’. बाकी सगळी तोंडातोंडी.

शेवटी भाच्याने शोधलं. संघटनेचं मासिक पत्रक यायचं, चार पानी. वाढदिवस, दहावी-बारावीच्या गुणवंतांचे फोटो, श्रद्धांजली, आणि शेवटच्या पानावर ‘बैठकीतील निर्णय’. एका दुकानदाराच्या माळ्यावर दोन वर्षांचे अंक बांधून ठेवलेले, रद्दीत जायचे राहिले होते. त्यात एका ठिकाणी लिहिलेलं: संघटनेची संमती न घेता नेमलेल्या स्टॉकिस्टशी सभासदांनी असहकार करावा. दुसऱ्या एका अंकात: छापील किमतीवर सूट देऊन व्यवसायाची शिस्त बिघडवणाऱ्या सभासदांना समज देण्यात आली. अगदी नीट छापलेलं. आपण काही गैर करतोय असं वाटलं असतं तर कुणी हे गुणवंतांच्या फोटोंशेजारी छापलं असतं का?

२०१४ च्या सुरुवातीला अर्ज गेला. आधी त्रुटींचं पत्र आलं. पानांवर क्रमांक नीट नाहीत, पडताळणीत अमुक शब्द राहिले, मराठी कागदांचं इंग्रजी भाषांतर जोडा. भाषांतराला पत्रक दिलं तर तालुक्याच्या भाषांतरकाराने ‘असहकार’चं केलं ‘नॉन-कोऑपरेशन’. वकीलबाई म्हणाल्या, शब्द बरोबर आहे, पण वाचणाऱ्याला वाटेल की संघटनेने फक्त मदत करायचं नाकारलं. आमच्या धंद्यात असहकार म्हणजे काय ते सांगायचं तर एक परिच्छेद लागतो. त्या कंपनीची ऑर्डर बंद. तिच्या एमआरला दुकानात उभं करायचं नाही. चिठ्ठी आली तर ‘माल नाही’ म्हणायचं, दुसऱ्या कंपनीची गोळी द्यायची. पंधरवड्यात कंपनी गुडघ्यावर येते. तो परिच्छेद मी स्वतः लिहिला, मराठीत, आणि बाईंनी इंग्रजीत केला. अख्ख्या अर्जात मला अभिमान वाटावा असं तेवढंच आहे.

काही महिन्यांनी आयोगाने प्राथमिक चर्चेला बोलावलं. तेव्हा आयोगाचं ऑफिस हिंदुस्थान टाइम्स हाऊसमध्ये होतं, कस्तुरबा गांधी मार्गावर. बाहेरची पाटी वाचून हसू आलं. कस्तुरबांच्या नावाच्या रस्त्यावर मी असहकाराचा अर्थ सांगायला निघालो होतो.

आत कोर्टासारखं दडपण नव्हतं. लांब टेबल, पलीकडे सदस्य, पाण्याच्या बाटल्या. मी पाठ करून आलेलो: परवाना आहे, डिपॉझिट भरलंय, भाडं चाललंय, माझ्यावर अन्याय झालाय. एका सदस्याने मध्येच थांबवलं. दोन स्टॉकिस्ट आहेतच, मग औषध घेणाऱ्याचं काय बिघडलं?

हा प्रश्न मला आजवर कुणी विचारला नव्हता. मीही स्वतःला विचारला नव्हता. अर्जात त्याबद्दल दोन ओळी होत्या, वकिली छापाच्या. क्षणभर सुचेना. मग दिवाळीचं आठवलं. दोन्ही स्टॉकिस्ट नात्यातले, एकाच्या घरी लग्न. चार दिवस दोघांचीही गोडाऊनं बंद. इन्सुलिन संपलं. आमच्या गल्लीतले एक निवृत्त मास्तर थर्मास घेऊन एसटीने शेजारच्या जिल्ह्यात गेले, बर्फ घालून दोन कुप्या आणल्या. जाण्यायेण्यात त्यांचा दिवस गेला. मी ते मोडक्या हिंदीत सांगितलं. मग सवलतीचं सांगितलं: ज्या दुकानदाराला समज मिळाली तो पेन्शनरांना दहा टक्के कमी घ्यायचा. महिन्याला दीड हजाराची औषधं लागणाऱ्याचे दीडशे रुपये. समज मिळाल्यावर बंद.

कुणी मान डोलावली नाही की काही नाही. टिपून घेतलं, धन्यवाद म्हणाले. परतीच्या गाडीत वरच्या बर्थवर पडल्यावर मला कळलं की मी आज पहिल्यांदा अर्जाचा खरा मुद्दा बोललो, आणि तो माझा नव्हताच, मास्तरांचा होता.

प्रथमदर्शनी तथ्य आहे, आयोगासाठी तपास करणाऱ्या महासंचालकांनी चौकशी करावी, असा आदेश काही आठवड्यांनी आला. हा निकाल नव्हे. चौकशीचं दार उघडलं एवढाच त्याचा अर्थ. मला पेढे वाटायची घाई झाली होती, बाईंनी अडवलं.

बरं झालं अडवलं. पुढचं वर्ष वाईट गेलं. महासंचालकांच्या ऑफिसातून दुकानदारांना, कंपन्यांना, पदाधिकाऱ्यांना पत्रं गेली: इतक्या वर्षांचे जमाखर्च द्या, बैठकांची इतिवृत्तं द्या, कुणाकुणाला संमतिपत्रं दिली त्यांची यादी द्या. गावात दिल्लीचं पाकीट म्हणजे इन्कम टॅक्सची धाडच. जे दुकानदार मला ‘भाऊ, बरं केलंस’ म्हणायचे, ते रस्ता ओलांडून पलीकडून जायला लागले. माळ्यावरचे अंक देणाऱ्याने तर हात जोडले, माझं नाव नको. नाव गुप्त ठेवायची विनंती करता येते, तशी सोय कायद्यात आहे, आम्ही ती केली. पण तालुक्यात गुप्त काय राहतं? कुणाच्या माळ्यावर काय आहे, हे सगळ्यांना ठाऊक असतं.

माझाही जबाब झाला, शपथेवर. संघटनेच्या वकिलाने उलटतपासणीत एकच प्रश्न फिरवून फिरवून विचारला: एमआर असताना तुम्ही स्वतः किती लोकांना एनओसी आणायला सांगितलं? चार, मी म्हणालो. खोलीत शांतता. त्याला वाटलं असावं, मला उघडं पाडलं. अधिकाऱ्याने मात्र पुढचा प्रश्न विचारला, त्या चौघांपैकी एनओसीशिवाय माल कुणाला मिळाला? कुणालाच नाही. ते उत्तर लिहून घेतलं गेलं.

त्याच सुमारास फोन आला. अध्यक्षच होते. आवाज पूर्वीसारखाच मऊ. “झालं गेलं सोडून द्या. आपण घरची माणसं. पत्र तयार आहे, निधी-बिधी काही नको. तुम्ही तेवढं दिल्लीचं मागे घ्या.”

रात्रभर झोप नाही. गाळ्याचं भाडं दीड वर्ष भरलेलं, पीएफचे पैसे संपत आलेले. सकाळी बाईंना फोन केला, म्हटलं, मिटवतो. त्या शांतपणे म्हणाल्या, “मिटवा. त्यांच्याशी बोला, पत्र घ्या, माल आणा, कुणी अडवत नाही. पण चौकशी थांबणार नाही. ती तुमची नाहीच, मी पहिल्या दिवशी सांगितलं होतं.”

तेव्हा कुठे ‘माहिती’ आणि ‘तक्रार’ यांतला फरक माझ्या डोक्यात उतरला. तक्रार असती तर मी ती पन्नास हजारांच्या तोट्यावर, एका चहावर, एका पत्रावर विकली असती. विकलीच असती. (२०२३ च्या दुरुस्तीने आता काही प्रकरणांत आयोगाशी तडजोडीची सोय झालीय, पण संगनमताच्या प्रकरणांना ती नाही. माहितीही आता तीन वर्षांच्या आत द्यावी लागते.)

पत्र मी घेतलं नाही. शूरपणा म्हणून नव्हे. ते घेतलं असतं तर एनओसी लागते हे मीच कबूल केल्यासारखं झालं असतं. गंमत म्हणजे त्याची गरजही पडली नाही. चौकशीचं पत्र कंपनीच्या मुंबई ऑफिसात पोहोचलं होतं. महिन्याभरात एरिया मॅनेजरचा फोन आला, त्यात एनओसीचा शब्द नाही. “भाऊ, गाडी निघालीय, रॅक पुसून ठेव.”

निकाल २०१६ मध्ये आला. संघटनेने हे प्रकार थांबवावेत, पुन्हा करू नयेत, सभासदांना तसं कळवावं, आणि दंड. कायद्यात मागच्या तीन वर्षांच्या सरासरी उलाढालीच्या दहा टक्क्यांपर्यंत दंडाची मुभा आहे. पण संघटनेची उलाढाल म्हणजे काय? वर्गणी, जाहिराती, सभागृहाचं भाडं. आकडा ऐकून गावात काही जण हसले. बंगालमध्ये २०१४ साली आयोगाने पदाधिकाऱ्यांच्या स्वतःच्या मिळकतीवरही दंड लावला होता, सगळा मिळून अठरा कोटींच्या वर, आणि तिथे मुद्दा ग्राहकाला सूट देऊ न देण्याचाच होता. आमच्याकडे तसं झालं नाही. संघटना अपिलात गेली. तेवढ्यात २०१७ मध्ये अपिलांचं न्यायाधिकरणच कंपनी कायदा अपील न्यायाधिकरणात विलीन झालं आणि आमची फाइल नव्या कपाटात गेली. नुकसानभरपाईचा वेगळा अर्ज करता येतो म्हणतात. मी केला नाही. आणखी एक डीडी काढायची ताकद नव्हती.

दंडापेक्षा मला पत्रकाचा तो अंक जास्त आवडला. शेवटच्या पानावर, ‘बैठकीतील निर्णय’च्याच जागी, चौकटीत छापलेलं: स्टॉकिस्ट नेमताना संघटनेच्या ना-हरकत पत्राची आवश्यकता नाही. ग्राहकास सूट द्यावी अथवा न द्यावी हा प्रत्येक सभासदाचा प्रश्न आहे. शेजारी गुणवंतांचे फोटो. समज मिळालेल्या दुकानदाराने ते पान कापून काचेवर चिकटवलं, त्याखाली स्केचपेनने ‘पेन्शनरांना १०%’.

गेल्या वर्षी त्याच कंपनीचा नवा एरिया मॅनेजर माझ्याकडे आला. पोरगेला, टाय लावलेला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाला, “सर, आणखी एक पार्टी आलीय स्टॉकिस्टसाठी. तरुण मुलगा आहे. तुमची काही हरकत नाही ना?”

माझ्या तोंडात शब्द आले होते, अगदी ओठांवर: आता आम्ही तिघं आहोत की, चौथा कशाला?

“मला विचारू नका,” मी म्हणालो. “मला विचारायचंच नसतं.”

तो गोंधळला, त्याने चहा संपवला आणि गेला. तो मुलगा चुणचुणीत निघाला. स्टेशन रोडवरची माझी तीन दुकानं पहिल्याच महिन्यात त्याच्याकडे गेली. एक टक्का जास्त देतो आणि रविवारीही डिलिव्हरी करतो. भाचा म्हणतो, मामा, आपल्यालाही रविवारी गाडी काढावी लागणार.